चहा गार होतोय

मुलुंड, मंगळवार संध्याकाळ

खालच्या मजल्यावरचे काका आज गेले. काकू त्यांच्या उशाशी बसून एकच बोलत होत्या, "अहो, उठा ना, चहा गार होतोय!" शेजारीण माझ्या कानाशी लागली, "अगं, सेम तुझ्या सीरियलमधलं!"

माझं कुठलं? बाबा गेले तेव्हा आई बोललेली, तेच मी मालिकेत लिहिलं. काकू रोज बघतात. म्हणून काय त्यांचं रडणं खोटं? छे, उशाशी खरोखरचा कप आणून ठेवला होता त्यांनी.

पण आई मालवणीत बोललेली. चॅनलसाठी मीच ते बदललं. चहा गार होतोय... नेमकं काय म्हणाली होती ती? विचारायला आता ती नाही. डोळे मिटले की आई दिसते, तोंड उघडते, आणि आवाज मालिकेतल्या नटीचा येतो.