वडगावचा फणस आणि माझे तळहात

आप्पा,

रविवारी नंदगडच्याचा सत्कार झाला. टिळकवाडीतल्या एका मंडळानं झाडं लावायचा कार्यक्रम ठेवला होता आणि त्यात झाडं कापणाऱ्याला शाल-नारळ दिला. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. त्यानं आता कार्ड छापलंय आणि त्यावर नावाखाली ‘ट्री सर्जन’ असं लिहिलंय. ‘मग दवाखाना कुठं हाय रं तुझा?’ असं तुम्ही विचारलं असतं आणि तोही लाजून हसला असता. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. तो माईकसमोर गेला आणि पहिलं वाक्य तुमच्यावर बोलला, दुसरंही तुमच्यावर. पिशवीतून तुमची कमरेची दोरी काढून त्यानं लोकांना दाखवली. मग वडगावच्या फणसाची गोष्ट सांगितली. ‘मी झाडावर लटकलतो, हाड मोडलतं, आणि आप्पा चारचौघांत म्हणाले, चूक माझी हाय. असा उस्ताद कुणाला मिळतोय?’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या दिवशी चूक कुणाची होती ते दोघांनाच माहीत होतं, एक तुम्ही आणि एक मी. खरं तर मला लाज वाटायला हवी होती, पण मी जळत होतो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि अजून हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत तुम्हाला उचलून घेऊन जातो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याकडे आला. शाल अजून खांद्यावरच होती. म्हणाला, ‘बुधवारी कडोलीत आंब्याचं काम हाय. घरावर आलेल्या फांद्या हायत. दोरीवर तू ये.’ मी म्हटलं, माझी सवय सुटलीय, कॉलेजच्या बागेत पाइप धरून पाणी मारतो आता. तर म्हणाला, ‘माझ्याकडची माणसं दोरी धरत्यात, सोडत न्हाईत. तू ये.’ मी हो म्हणून बसलो. आता तो वर चढायच्या आधी त्याला वडगावचं खरं सांगायचं की नाही, हे काही केल्या मला ठरवता येईना. म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय.

आपण त्याला नावानं कधी हाकच मारली नाही, गाव नंदगड, म्हणून आला तेव्हापासून तो नंदगडचाच. मी तुमच्या हाताखाली सहा वर्षं काढली होती तेव्हा तो आला. कॅम्पातल्या बंगल्यात आपण गुलमोहर उतरवत होतो आणि तो सरपण भरायला टेम्पोबरोबर आलेला, बावीस-तेवीस वर्षांचा बाप्या. एक फांदी अर्धी तुटून वरच अडकली होती. कुणाला न विचारता तो सरसर चढला आणि पायानं ढकलून ती मोकळी केली. तुम्ही खालून दोन शिव्या घातल्या, आणि तो उतरल्यावर त्याला तुमच्या किटलीतला चहा दिला. त्या किटलीतला चहा मला सहा वर्षांत कधी मिळाला नव्हता, मी टपरीवरून आणून प्यायचो. दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर. आठवड्यानं आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून आईच्या हातची भाकरी खात होता आणि तुम्ही आईला सांगत होता, ‘लई हलका हाय गं गडी. फांदीला कळत बी न्हाय कोण बसलंय त्ये.’ मी चुलीपाशी बसलो होतो. माझं वजन तेव्हा ब्याऐंशी किलो होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही, पण ते वाक्य मलाच होतं असं मी धरून चाललो.

काम मजेचं होतं, हे मात्र मी नाकारणार नाही. एक निवृत्त साहेब झाडाखाली खुर्ची टाकून ‘वरून तिसरी, तिसरी’ असं ओरडायचे आणि तुम्ही म्हणायचा, ‘साहेब, तुमची तिसरी आणि झाडाची तिसरी येगळी हाय.’ एका घरात नवऱ्याला झाड कापून हवं होतं आणि बायकोला सावली हवी होती. तुम्ही दोघांकडूनही चहा घेतला, वीतभर शेंडा उतरवला, आणि दोघंही खूश झाली. कुणी फार घाबरलं की तुम्ही सांगायचा, ‘वैनी, केस कापाय आलोय, मुंडी न्हाय.’ फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे साल सोलवटत नाही, हे तुम्ही मला शंभर वेळा सांगितलं. नंदगडच्याला एकदाच सांगितलं. आता त्याच्याकडे पट्टे आहेत, हेल्मेट आहे, साखळीची मशीन आहे, आणि संध्याकाळी तो त्या साखळीला कानस मारत बसतो, अगदी तुम्ही करवतीला मारत बसायचा तसा, जीभ किंचित बाहेर काढून. ती जीभ बघितली की माझं डोकं फिरतं. मी तुमचा मुलगा, पण माझी जीभ कधी बाहेर येत नाही.

मला तुम्ही दोरीवर ठेवलंत. फांदी दोरीनं बांधायची, दोरी वरच्या फाट्यावरून, म्हणजे फांद्यांच्या बेचक्यातून, खाली आणायची, बुंध्याला दोन-तीन वेढे घालायचे आणि टोक खालच्या माणसाच्या हातात. वरच्यानं फांदी कापली की ती एकदम सुटते. खालच्यानं ती आधी पळू द्यायची आणि मग हळूहळू आवळत जमिनीवर आणायची. ‘दोरी धरायची न्हाय रं, सोडायची,’ हे तुमचं ठरलेलं वाक्य. घट्ट धरली तर फांदी हवेतच हिसका खाऊन थांबते आणि झोका घेऊन बुंध्याकडे परत येते, आणि बुंध्याला तर माणूस चिकटलेला असतो. नीट सोडली की दोरी तळहात भाजत जाते. हाताला फडकं गुंडाळलं तरी लाल वळ उठतात. आणखी एक रीत तुम्ही पाळायचा: चढणाऱ्यानं चपला दोरीवाल्याच्या पायापाशी काढायच्या आणि तो उतरेपर्यंत दोरीवाल्यानं त्या राखायच्या. अशा मी नंदगडच्याच्या चपला वडगावपर्यंत तीन वर्षं राखल्या.

वडगावचा फणस एका विणकराच्या घरामागे होता. घरात चार माग खडखडत होते आणि एक जाड फांदी बरोबर त्यांच्या पत्र्यावर आली होती. माग थांबवायचे नाहीत, एवढी एकच अट होती. तुमचा गुडघा गेल्यापासून तुम्ही चढत नव्हता, खाली उभं राहून कुठल्या फाट्यावरून दोरी घ्यायची ते सांगायचा. त्या सकाळी तुम्ही तुमची कमरेची दोरी, घामानं काळी पडलेली, सगळ्यांसमोर त्याच्या कमरेला बांधलीत. गाठ स्वतः मारलीत आणि म्हणालात, ‘आता ही तुझीच.’ तो वाकून तुमच्या पाया पडला. मी बुंध्याला वेढे घालत होतो. तीन घातले. शेजारची एक बाई कुंपणावरून कानडीत ‘स्वल्प निधान री’ म्हणत होती, जरा सावकाश हो, आणि मला तिचाही राग आला.

फांदी सुटली आणि मी दोरी धरून ठेवली. हात अडकला असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. हात अडकला नव्हता. त्याला इजा करायची नव्हती मला, आप्पा, देवाशपथ नव्हती. फक्त त्याचा तोल जावा, त्यानं वेड्यासारखं खोड कवटाळावं आणि तुम्ही एकदा तरी त्याच्यावर ओरडावं, एवढंच मला ऐकायचं होतं. एक श्वासभर धरली असेल. फांदी थांबली, वळली आणि तिचं कापलेलं टोक त्याच्या खांद्यावर येऊन आदळलं. तो तुमच्या दोरीवर लटकत राहिला, एक हात लुळा. घरातले माग एकेक करून थांबले. वडगावात भर दुपारी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

त्याला उतरवून रिक्षात घातल्यावर तुम्ही माझ्याकडे आलात. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. तुम्ही माझे दोन्ही हात धरले, फडकं सोडलं आणि तळहात उलटे करून बघितले. स्वच्छ होते. एक वळ नव्हता. तुम्ही फडकं परत गुंडाळलंत, अगदी नीट, जणू मलाच लागलं होतं. मग विणकराकडे वळून म्हणालात, ‘चूक माझी हाय. फाटा मी चुकीचा दावला.’ आणि मला म्हणालात, ‘त्याच्या चपला घे.’ दवाखान्यापर्यंत मी त्या चपला मांडीवर घेऊन बसलो होतो.

त्यानंतर महिन्याभरात निपाणीचं काम आलं. तंबाखूच्या वखारीवर आलेली चिंच होती. मालक जैन, सज्जन माणूस. घरट्यातली पिल्लं उडून जाईपर्यंत त्यांनी आपल्याला थांबवलं होतं. आता चढणार कोण, असं मी विचारलं तर तुम्ही माझ्या पायापाशी चपला काढल्यात. तो गुडघा घेऊन, त्या वयात. मी म्हटलं, ‘आप्पा, मी चढतो.’ तुम्ही म्हणालात, ‘तू दोरीवर.’ सगळ्यात जाड फांदीवर बसून तुम्ही खाली बघितलंत आणि करवत लावलीत. त्या दिवशी माझे हात सोलवटून निघाले. तुम्ही उतरलात, माझे तळहात बघितलेत, म्हणालात, ‘व्हय. जेवूया चल.’ आणि मालकांच्या ओसरीवर तुमच्या किटलीतला चहा पहिल्यांदा मला दिलात. वडगावचं मात्र काहीच बोलला नाहीत, त्या दिवशीही नाही आणि मरेपर्यंतही नाही. तुम्ही मला माफ केलंत की शिक्षा दिलीत, हे मला आजवर कळलेलं नाही. नंदगडचा बरा होऊन आला आणि तुम्ही पुन्हा त्यालाच वर पाठवलंत, मला खाली. जळायला मी पुन्हा मोकळा झालो. आता तुम्हीच सांगा, काय करू?

इथपर्यंत सोमवारी लिहिलं होतं. आज बुधवार, कडोलीहून आताच आलोय आणि पेन नीट धरता येत नाहीये.

सकाळी मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, ‘वडगावचं एक सांगायचंय तुला.’ तो पट्टे आवळत होता. ‘आधी झाड, मग गप्पा,’ म्हणाला. त्याचे बूट गाडीत होते, ते काढून घातले आणि पायातल्या चपला माझ्या पायापाशी आणून ठेवल्या. त्याच्या माणसांना काही कळलं नाही, एकजण हसलाही. मी वेढे घातले, दोनच, दोरी मोकळी पळावी म्हणून. हे पत्र शर्टाच्या खिशात होतं. पहिली फांदी सुटली तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू आला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं काही झालं नाही. मला फक्त तो दिसत होता, पन्नाशीला आलेला, अजून तसाच हलका, आणि मला अजूनही त्याचा हेवा वाटत होता. हेवा वाटतच होता आणि दोरी मी सोडत होतो. पाच फांद्या आल्या. कौलाला धक्का लागला नाही.

तो उतरला, हेल्मेट काढलं आणि माझे दोन्ही हात धरून त्यानं तळहात उलटे केले. बागेतल्या पाण्यानं मऊ पडलेली कातडी, तीन वळ आणि एक फोड. वळ एकेक करून बघितले. मग म्हणाला, ‘व्हय. जेवूया चल.’

निपाणीला तो नव्हता, आप्पा. खांदा बांधून घरात पडून होता. म्हणजे हे वाक्य तुम्हीच त्याला सांगितलंत, आणि ते सांगायचं तर वडगावचंही सांगितलंत. सगळं माहीत असून हा माणूस इतकी वर्षं माझ्या दोरीवर चढत राहिला, आणि परवा मला समोर बसवून चूक आप्पांची होती असं माईकवर बोलला. जे माझ्याशी कधी बोलला नाहीत ते तुम्ही त्याच्याशी बोललात. जेवताना याचंही माझ्या पोटात दुखलं. सकाळच्या गप्पा राहूनच गेल्या, त्यानं लोणचं मात्र माझ्या पानात वाढलं.

हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, आणि त्याला द्यायची आता गरज उरली नाही. खिशातच राहू दे. एक गोष्ट मात्र कबूल करतो. त्यानं माझे हात सोडले तेव्हा मला वाटलं, त्यानं ते अजून थोडा वेळ धरायला हवे होते.