शेजाऱ्यांच्या ताटल्या

बॅलीनार्ग, टिरोन, उत्तर आयर्लंड
१९ फेब्रुवारी २००९

प्रिय फिन्टन,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. आईचा खोकला उतरलाय. करड्या गाईला वासरू झालं, डेक्लनने दोर लावून ओढलं तेव्हा कुठे सुटली बिचारी.

तू जिल्ह्याचा पोलीस प्रमुख झालास, आपल्या कॅथलिकांतला पहिला, तो पेपरातला फोटो आईने प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलाय. त्यात तुझ्याशी हात मिळवत मॅलकी उभा. काय तरी बाई! ज्याने पोलिसांवर बंदूक रोखली, तोच आता नगरसेवक होऊन पोलिसांशेजारी दात काढतोय.

बाबांच्या मातीला तुला वरून परवानगी मिळाली नाही. आता त्यांना महिना होतोय, त्या प्रार्थनेला तरी येऊ का, असं विचारलंस. मी आधी मॅलकीला गाठलं, तो तुझ्याशेजारी बसला तर गावही येईल म्हणून. तर म्हणाला, "बैठकीत मी त्याच्याशी हात मिळवतो गं. पण चर्चमध्ये, अख्ख्या गावासमोर? निवडणूक होऊन जाऊ दे." असला निर्लज्ज! त्याचा चहा तसाच टाकून उठले.

पण मॅलकीचं सोड. बाबा गेले तेव्हा शेजारणींनी सँडविच, केक भरून ताटल्या आणल्या होत्या. रीत तुला ठाऊकच आहे. महिन्याची प्रार्थना झाली की सगळे घरी चहाला येतात आणि जाताना आपापली ताटली नेतात. पोलिसाबरोबर चहा प्यायला आपलं गाव अजून धजत नाही. तू येणार अशी कुणकुण लागली आणि गेल्या आठवड्यातच एकेक जण दारात हजर. घाईत आहे गं, ताटली तेवढी दे. वाकडा शब्द कुणी बोललं नाही. आईची चौकशीसुद्धा केली. आता एकही ताटली उरलेली नाही.

आईला कळत नाही असं नाही. सकाळी मला म्हणाली, "लिही त्याला, ये म्हणून. कुणी नाही आलं तर आपण घरचेच चहा पिऊ."

फिन्टन, ती माझ्यासमोरच बसलीय. तिला वाटतंय, मी तेच लिहितेय.

नको येऊस. डेक्लनचं दुकान याच माणसांवर चालतं, आमच्या पोरी इथल्याच शाळेत जातात. तू तासाभराने पहाऱ्यात परत जाशील, मला इथेच राहायचंय. माझी मलाच लाज वाटते रे, पण नको येऊस. आईला तूच फोन कर, साहेबांनी सोडलं नाही म्हणून सांग. ती तुझ्यावर रुसेल. तेवढं माझ्यासाठी सोस.

आई विचारतेय, तिचा निरोप नीट लिहिला का. मी हो म्हणाले.

तुझी बहीण म्हणवून घेणारी,
ब्रोना