रुखमाच्या डब्यातली मोहफुलं

॥ श्री ॥

मोहर्ली,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. मुखरूभाऊस,
इंदूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

भाऊबीजेला तू येशील म्हणून मी दाराकडे बघत बसले, आणि आला तो पुनमचा फोन. वहिनी जुलैत गेली, यंदा आपल्याला सण नाही, हे मलाही कळतं. पण पायाच्या अंगठ्याला जखम झाली आहे आणि ती भरत नाही, हे तू बहिणीला न सांगता तिच्या लेकीला सांगतोस? गडचिरोलीला नर्सिंग शिकते म्हणून तिचा मान माझ्यापेक्षा मोठा झाला वाटतं. डॉक्टर काय म्हणाले तेही तिच्याकडूनच कळलं. शिवरात्रीपर्यंत साखर खाली आली नाही, तर अंगठा काढावा लागेल.

गोळ्या तू वेळेवर घेतोस, एवढं बरं आहे. पण सकाळी रात्रीचा बासी भात, वर पेज, आणि मग दसरूच्या टपरीवर पोहे नि जिलेबी! आपण धानाच्या मुलखातली माणसं, भात सुटता सुटत नाही, हे मान्य. तरी ऐक. इथे होमस्टेवर मी सफारीच्या पाहुण्यांचा नाश्ता करते. हल्ली निम्मे लोक पोहे-पराठे बघून हात जोडतात. मागच्या आठवड्यात शुगरच्या एक डॉक्टरबाई उतरल्या होत्या, त्यांच्यापुढे तुझं गाऱ्हाणं मांडलं. त्या म्हणाल्या, गोळी घेणाऱ्याने नाश्ता चुकवायचा नाही, फक्त भात-पिठाची जागा डाळीला नि अंड्याला द्यायची. म्हणून हिरवे मूग रात्री भिजव, सकाळी मिरची-लसूण घालून वाट आणि धिरडं टाक. तांदळाचं पीठ घालून कुरकुरीत करायला जाऊ नकोस, तुला ओळखते मी. सोबत जवसाची चटणी घे. कधी अंडी उकड, कधी हरभऱ्याला मोड आण, अंबाडीची भाजी नुसतीच वाटीभर खा.

पत्र लिहिते, कारण तुझ्या गावाला फोन लागत नाही, आणि लागला की तू बरा आहे म्हणून ठेवून देतोस. कागदावर दोन ओळी तरी लिहाव्या लागतील.

माया असू दे, अंगठाही असू दे.
तुझी,
इंदू


रानटोला, ता. धानोरा,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. इंदूस,
मुखरूचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. जन्मभर सायकलवरून दुसऱ्यांचं टपाल वाटलं, आता पोस्टात माझ्या नावाचं पाकीट आलं तर नवा पोस्टमन माझ्याकडे संशयाने बघत होता.

तुझं धिरडं केलं. पहिलं तव्याला असं चिकटलं की खरवडून काढलं आणि त्याला भुर्जी म्हटलं. दुसऱ्याचा नकाशा झाला. आता गोल येतं. चव वाईट नाही, पण इंदू, धिरडं हे एकट्याचं खाणं नव्हे गं. भाताचं बरं असतं, भांड्यातून काढला, मीठ लावलं, खाल्ला. धिरडं कोणीतरी गरम गरम ताटात टाकावं लागतं. मी एक टाकतो, बसतो, खातो, परत उठतो, तोवर चूल विझलेली असते. रुखमा होती तेव्हा मी बसल्या जागेवरून आणखी एक मागायचो आणि ती मला राजा म्हणून चिडवायची.

दसरूकडे जाणं सोडलं. सगळे पोह्यांवर रस्सा ओतत असताना नुसतं बसायचं म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परतण्यासारखं. परवा रस्त्यात भेटला तर विचारत होता, मुखरूभाऊ, आमचा राग आला का, काऊन येऊन नाई राह्यला. काय सांगू त्याला? सकाळी त्या टपरीवर चार माणसं बोलायची, नंतर दिवसभर कोणी नाही बोललं तरी चालायचं. आता सकाळही तशीच जाते.

अंगठ्याला पट्टी आहे. काळजी करू नये. जावईबापूंना नमस्कार.
तुझा भाऊ,
मुखरू


मोहर्ली,
४ जानेवारी २०२५

ती. मुखरूभाऊस,
इंदूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आज स्पष्टच लिहिते. पुनम तुला तपासायला घेऊन गेली, साखर खाली यायच्या ऐवजी चढली. डॉक्टर पुनमवर रागावले, पुनम माझ्यावर रागावली, आता मी कोणावर रागावू? धिरडं खाऊन साखर अशी चढत नाही. तू दसरूची जिलेबी चोरून खातोस. लहानपणी आईचा गूळ खाऊन माझं नाव सांगायचास, तोच तू.

भाऊ, चेष्टा पुरे. शिवरात्र दीड-पावणेदोन महिन्यांवर आली. मार्कंड्याच्या यात्रेला दर साली तू नि वहिनी वैनगंगेच्या वाळूतून चालत जायचात. तुला काठीवर बघायची माझी तयारी नाही. जे खातोस ते खरं लिही.

रागावले तरी तुझीच,
इंदू


रानटोला,
१५ जानेवारी २०२५

चि. सौ. इंदूस,
आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, रागही आला. गुळाचं खरं आहे. जिलेबीचं खोटं. रुखमाची शपथ घेऊन सांगतो, तुझं पहिलं पत्र आलं तेव्हापासून दसरूच्या टपरीची पायरी चढलो नाही.

सकाळी काय खातो ते लिहितो, तूच बघ. मुगाचं धिरडं, जवसाची चटणी, एक उकडलेलं अंडं. नंतर ताक. आणि शेवटी मूठभर भाजलेली मोहफुलं. त्यात साखरेचा कण नाही. नाल्याकाठच्या आपल्या झाडाखाली पडलेली, रुखमाने चैत्रात पहाटे वेचून अंगणात वाळवलेली. दुकानातलं काही नाही, सगळं रानातलं. ते बाधत नाही म्हणून मी बिनघोर खातो.

खरं सांगायचं तर त्या मुठीसाठीच धिरडं गिळतो. पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं की घरभर वास सुटतो आणि वाटतं, ती आत्ताच अंगणातून सूप घेऊन आत आली. तिची लुगडी धुऊन वाटून टाकली, त्यांना आता तिचा वास नाही. या डब्याला आहे. ती गेली तेव्हा डबा गच्च भरलेला होता, आता अर्ध्याच्या खाली आला. मी रोज मूठ लहान करतो, तरी तो उतरतोच आहे.

तेव्हा दोष दुसरीकडे शोध. गोळ्याच खोट्या असतील.
तुझा,
मुखरू


मोहर्ली,
२३ जानेवारी २०२५

ती. मुखरूभाऊस,
इंदूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरामागे जाऊन बसले. पाहुणे सकाळीच जंगलात गेलेले, रडायला सोय होती.

भाऊ, मोहफुलं गोड असतात रे. फार गोड. गावात दारू कशाची गाळतात? उन्हाळा लागला की अस्वल त्या झाडाखाली का येतं? तुला हे सगळं माहीत आहे, मलाही होतं. पण साखर म्हणजे दुकानातली आणि रानातलं म्हणजे औषध, असंच आपण मानत आलो. डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, वाळलेली मोहफुलं म्हणजे मनुकाच समजा. धिरड्याने सकाळी जे साधतं, ते ती मूठ घालवते.

डबा फेक, असं लिहायला माझा हात धजत नाही. पण खाऊ नकोस. वहिनीला हे कळलं असतं, तर तिनेच तुझ्या हातावर चापट मारून डबा माळ्यावर टाकला असता. सफारीचा हंगाम आहे, मालक सुट्टी देत नाही, नाहीतर मीच येऊन तुला धिरडी वाढली असती. मीही सगळ्यांना वाढून उभ्यानेच चहा पिते, म्हणून तुझं दुखणं मला कळतं. शेजारच्या झिंगूबाईला सकाळी हाक मार. तीही एकटीच आहे.

उत्तर लवकर पाठव, जीव टांगणीला आहे.
इंदू


मोहर्ली,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊस नमस्कार. तुझं पत्र नाही. पुनमला म्हणे तू बरा आहे एवढंच म्हणतोस. रागाव, शिव्या लिही, पण लिही. इंदू.


रानटोला,
२७ मार्च २०२५

चि. सौ. इंदूस,
मुखरूचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आणि कार्ड दोन्ही उशाशी आहेत. राग नव्हता. डबा बंद करून ठेवला आणि मग लिहिण्यासारखं काही राहिलं नाही. आपण रोज सकाळी तिच्या हातचं खातो म्हणून जगतो असं समजत होतो, आणि त्यानेच पाय सडत होता, हे मनाला पटेना. धिरडंही सोडलं. गोळी घ्यायची नि तसंच बसायचं. एक दिवस अंगणात घेरी आली. झिंगूबाईने बघितलं, उठवलं, ताक पाजलं, आणि मग सगळं विचारून घेतलं. ऐकल्यावर तिने सुनावलं की तुले मरायचं असन तर मर मुखरूभाऊ, पण रुखमाच्या मोहफुलांले काऊन बदनाम करून राह्यला. ती म्हणाली, रुखमा कधी एकट्यासाठी वेचत नव्हती, सगळ्या टोल्याच्या, वस्तीभरच्या पोरांच्या हातावर ठेवायची. तू एकटा खात बसला तिथंच चुकलं तुझं.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी मी डबा तिच्या ओट्यावर नेऊन ठेवला. तिने फुलं भाजली, तीळ घातले, कुटून लाडू वळले. दुसऱ्या दिवशी ते घेऊन दसरूच्या टपरीवर गेलो. माझ्यासाठी खिशात दोन उकडलेली अंडी होती. मार्कंड्याला निघालेली माणसंही थांबलेली. सगळ्यांना एकेक दिला. दसरूने तोंडात टाकला आणि शेगडीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, वहिनीच्या हातचं आहे हे, सांगाले नाई लागत. सगळ्यांनी बोटं चाटली. मी अंडी खाल्ली. एकही लाडू चाखला नाही, तुझी शपथ. फार जड गेलं, इंदू.

अंगठा राहिला. शिवरात्रीला साखर उतरू लागली होती, म्हणून डॉक्टरांनी तो काढला नाही. परवा डॉक्टरांनी बघितलं, जखम भरत आली म्हणाले. साखर अजून हवी तेवढी उतरली नाही, पण उतरते आहे. यात्रेला मात्र गेलो नाही, वाळूत चालायची मनाई होती. आता दसरू माझ्यासाठी रोज अंडी उकडून ठेवतो, पोहे मागितले तर देत नाही. सकाळ तिथे निभते. संध्याकाळचं काही जमलेलं नाही, तेव्हा घर खायला उठतं.

नाल्याकाठचं झाड परवापासून गळायला लागलं. गावात ज्याचं झाड त्यानेच वेचायचं, म्हणून फुलं तशीच पडून होती. मी गेलो, उभा राहिलो, परत आलो. झिंगूबाईला सांगितलं, यंदापासून तूच वेच.

हंगाम संपला की ये. धिरडी आता मी वाढेन, तू बसून खा.

तुझा भाऊ,
मुखरू

ता. क. डबा धुतलेला नाही. रिकामाच फळीवर ठेवला आहे. सकाळी झाकण उघडतो, वास घेतो, परत घट्ट लावतो, मग टपरीवर जातो. नुसत्या वासाने साखर वाढत नाही ना, एवढं त्या डॉक्टरबाईंना विचारून कळव.