हेनिंगच्या मापाचा मुकुट

२४ सप्टेंबर, रविवार

एकोणसाठ सेंटीमीटर. आल्बर्टेने जेवताना माप सांगितलं आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. पोरगी काम सांगायच्या आधी नेहमी खायला पुढे करते. सुट्टीत सिल्केबोर्गच्या जंगलात त्यांचा तीन दिवसांचा खेळ आहे – दोनशे माणसं वेश करून राहणार, निम्मे लांब कानांचे वनलोक, निम्मे राक्षस. "वनराजासाठी मुकुट हवाय, होल्गर. तारेचा, नाजूक, कपाळावरून जाणारा. तुला तारेतलं कळतं."

कळतं खरं. तीस वर्षं मुलांच्या वाकड्या दातांसाठी तारा वळवतोय.

राजा कोण म्हणून विचारलं. "बाबा! तो येतोय स्टावांगरहून. मी राजकन्या आणि तो माझा बाप." माझी बायको बोडिल एकदम स्वतःच्या ताटात बघायला लागली. आल्बर्टेचा बाप हेनिंग तिचा पहिला नवरा. मी म्हटलं, करतो.

सात वर्षं या पोरीचा डबा भरतोय – काळा पाव, वर लिव्हरची पेस्ट, काकडी वेगळ्या डबीत. पण मी आपला होल्गर तो होल्गरच. तक्रार नाही. वहीत लिहिलं एवढंच.

२६ सप्टेंबर

स्टीलच्या तारेचा नमुना केला. घासूनपुसून लखलखीत. आल्बर्टेने हसू दाबून ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "होल्गर, राजाच्या कपाळाचे दात वाकडे आहेत असं वाटतंय." बोडिलला हसता हसता खुर्ची धरावी लागली. शिवाय दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कशाला, म्हणे. जंगलात असं काही उगवतं का?

तीस वर्षं दोन्ही बाजू सारख्या करायचाच पगार घेतोय मी! असो. आता तांबं.

३० सप्टेंबर, शनिवार

तांब्याच्या तीन तारांची सैलसर वेणी. मधोमध बर्चची पानं – तारेचीच, एक मुद्दाम वाकडं. ते वाकडं करताना हात अडत होता.

अडचण वेगळीच आली. आमच्या कामात साच्याशिवाय तार वळवत नाहीत. आधी जबड्याचा प्लास्टरचा साचा, मग तार. आणि हेनिंगचं डोकं नॉर्वेत! सहज माझं मोजलं तर तेही एकोणसाठ. आल्बर्टे म्हणाली, "मग तुझ्यावरच कर की." आता रोज दुपारी आरशासमोर मुकुट घालून बसतो. पोस्टमनने खिडकीतून पाहिलं. त्याने टोपी काढली.

२ ऑक्टोबर

आल्बर्टेने खेळाचा नियम सांगितला. स्वतःचा तळवा डोक्यावर ठेवला की माणूस खेळाबाहेर. "तेव्हा मी राजकन्या नाही, आल्बर्टे. तेव्हा जे बोलेन ते खरं." घरातही तेच चालू आहे. बोडिलने भांडी घासायला सांगितली तर, "राजकन्या भांडी घासत नाहीत." मग तळवा डोक्यावर, "पण मी घासते." आणि खरंच घासली.

तिच्यावर रागावता येत नाही. मी तर प्रयत्नही सोडला आहे.

४ ऑक्टोबर

नवं तांबं फार नवं दिसतं. म्हणून चार अंडी उकडून कुस्करली, मुकुटासकट डब्यात बंद केली. सकाळपर्यंत मुकुट छान काळवंडला. घरात मात्र राहवेना. बोडिल नाक धरून म्हणाली, "राजाला सांगा, आधी आंघोळ कर."

आल्बर्टेने मुकुट बराच वेळ हातात फिरवला. "बाबाला खूप आवडेल," म्हणाली. चांगलं वाटलं. वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे.

८ ऑक्टोबर

एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. लहानपणी सायकलवरून पडलो त्याचं टेंगूळ माझ्या डाव्या कानाच्या वर अजून आहे. तार तिथे टेंगळाभोवती वळली आहे. हेनिंगच्या डोक्यावर तिथे फट राहील आणि तो धावला की मुकुट डुगडुगेल. सरळ करायला दोन मिनिटं लागतील.

उद्या करतो.

१० ऑक्टोबर

केलं नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी हेनिंगचा फोन. समुद्रातल्या तेलविहिरीवर कामात अडकलाय, बदलीचा माणूस आला नाही. खोटं नसेल. पण ऐनवेळी न येण्याची ही चौथी खेप. आल्बर्टे फोनवर नुसतं "ठीक आहे बाबा, ठीक आहे" म्हणत राहिली. मग गॅरेजमध्ये जाऊन तंबूच्या खुंट्या मोजत बसली. मोजून झाल्या की परत पहिल्यापासून.

मी शेजारी जाऊन बसलो. ती खाली बघतच म्हणाली, "तिथे दुसरा कोणीतरी राजा देतील. मुकुट त्याला घालू."

"नाही बसणार," मी म्हणालो. आणि टेंगळाचं सगळं सांगून टाकलं. लाज वाटली, पण तिच्याशी खोटं बोलवेना.

तिने बोटाने माझं टेंगूळ चाचपून पाहिलं. "आणि तू मुद्दाम तसंच ठेवलंस?"

"हो."

"नालायक आहेस, होल्गर." मग पुन्हा खुंट्या. मोजता मोजता, "चष्म्याशिवाय तीन दिवस काढशील? वनराजाला चष्मा नसतो. आणि रबरी कान लावावे लागतात."

मी म्हटलं, काढेन. मला चष्म्याशिवाय दारसुद्धा दिसत नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार, तंबूत, सकाळी

काल फाटकापाशी तपासणी झाली. एक मुलगी प्रत्येकाच्या वस्तूंवरून आधी तळवा, मग गाल फिरवून बघते – काही टोचतंय का. मुकुटावर दोनदा फिरवला. "एकही टोक सापडत नाही. कोणी केला?" मी सांगितलं, माझ्या तारा दीड दीड वर्ष मुलांच्या गालाला लागून असतात. आल्बर्टेने मान अशी ताठ केली जणू तिनेच वळवलाय.

काल दिवसभर ती मला बाबा म्हणत होती. बाबा, राक्षस पुलापाशी आलेत. बाबा, तह करू नका. खेळात म्हणावंच लागतं, राजा आहे मी तिचा. खेळातलं धरायचं नाही, हे स्वतःला दहादा बजावलं. तरी प्रत्येक हाकेला माझी ओ जरा जास्तच मोठ्याने जायची.

मुकुट जागचा हललेला नाही. कान मात्र भयंकर खाजतात.

१५ ऑक्टोबर, रविवार

राक्षस मागे लागले होते, आम्ही दोघं ओढ्याकडे धावत होतो. आल्बर्टे मध्येच थांबली, तळवा डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुझ्या बुटाची नाडी सुटलीये, पडशील." मी खाली वाकलो. चष्मा नव्हता, नाडी सापडायलाच वेळ लागला. बांधून उठलो तेव्हाही तिचा तळवा डोक्यावरच होता.