तळघरातला गारवा

सोमवार, १७ मे
नवं शहर, नवी नोकरी, आणि वर फुकटचा गारवा! दादानं शब्द पाळला. या जीवघेण्या उन्हाळ्यात एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी नगरपालिकेनं वाचनालयाच्या तळघरात गारवा केंद्र उघडलंय. दादा त्या खात्याचा साहेब, मी इथली काळजीवाहक; सगळ्यांचा रात्रंदिवस मुक्काम इथंच. जाड लोखंडी दार, खिडकी एकही नाही, पण आत कसं माठाच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. माणसंही झकास. निवृत्त पोस्टमनकाका सगळ्यांत बोलके. शिंपीणमावशींनी तर माझ्या ब्लाउजची बाही न विचारताच उसवली. म्हणाल्या, ही शिवण आहे की सूड?

मंगळवार, १८ मे
बाहेर डांबर वितळतंय. आत घ्या म्हणून लोक दारावर गर्दी करताहेत. दादा आला आणि बाहेरून कुलूप घालून गेला. जागा नाही, उगाच चेंगराचेंगरी नको, म्हणाला. सकाळ-संध्याकाळ माणूस येऊन उघडेल. मनाला खटकलं. पण दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बुधवार, १९ मे
सकाळी कुणी फिरकलं नाही. दुपारी वीज गेली. दादाला फोन लावला. वीज दुसरीकडे वळवावी लागली, गाडी पाठवतोय, घाबरू नकोस, म्हणाला. त्याच्यामागे एसीची घरघर ऐकू येत होती. मग माझा फोन बंद पडला. टॉर्चच्या उजेडात लिहितेय. गाडी आलेली नाही.

गुरुवार असावा
पाणी संपलं. भिंतींना हात लाववत नाही. पोस्टमनकाकांचा घाम थांबलाय. उभे राहून ते टपाल वाटल्यासारखं एकेकाचं नाव पुकारतात. ज्याचं नाव येतं तो म्हणतो, आलो. मग पुन्हा बोलत नाही. नाडी पाहिली — नाही लागत.

शिंपीणमावशींचं नाव आलं तेव्हा मी त्यांचं तोंड घट्ट दाबून धरलं. त्या माझ्या तळव्यात हसल्या. आले हो —

आता काका भिंतीशी कलंडलेत. छाती हलत नाही. ओठ हलताहेत.

माझं नाव. माहेरचं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं —

ओठ दातांत धरलेत.

पावलं! दादाचा आवाज! कुणाला तरी सांगतोय, केंद्र कालच रिकामं केलं, सगळ्यांना सुखरूप हलवलं.

ओरडले. घशातून आवाजच निघेना. दार ठोकलं. तीन थापा, थांबून एक. लहानपणी माडीवर कोंडले गेले की अशीच ठोकायचे. दादा जेवणावरून उठून धावत यायचा.

तो बोलायचा थांबला. ओळखलं त्यानं. ओळखलंच —

मग म्हणाला, पाइप वाजतोय. चला.

पावलं वर चाललीत. दादा — अरे, मी आहे, दादा, मी आत —