दिवसा घरात बाई असते का?

३ मार्च, मंगळवार

आरोग्य केंद्रावर डोकं फुटायची वेळ आली! अंथरुणाला खिळलेल्यांसाठी सरकारी नर्स घरी येते, फुकट — म्हणून सासऱ्यांसाठी विचारायला गेले. खिडकीतल्या माणसाचा पहिलाच प्रश्न, "दिवसा घरात बाई असते का?"

"असते. मीच."

"मग नर्स नाही मिळत, ताई. नियम आहे."

"नवराही असतो."

"पुरुषांचं विचारत नाहीत."

मी कामावर परत गेले तर मिळेल म्हणे. तोवर त्यांच्याकडे कोण बघणार? "तुम्हीच की."

त्याच्या डोक्यामागे पोस्टर — आपल्या माणसांची सेवा, हीच आपली संस्कृती. पोस्टरवरच्या सुनेचा एक केस विस्कटलेला नव्हता. भांडून घरची तपासणी तेवढी लावून घेतली. सोमवारी माणूस येणार.

५ मार्च

नणंदेचा फोन. "वहिनी, बाबांचं नशीब थोर म्हणून तू मिळालीस." एवढं म्हटलं की तिचं काम संपतं.

७ मार्च

कारखान्यातून मालकांचा निरोप. "सोमवारपर्यंत तुमचं कटिंगचं टेबल राखतो. पुढे जमणार नाही." शाळेच्या गणवेशांचं कापड कापायचे मी, थरावर थर रचून, एक दोरा इकडचा तिकडे होत नसे. हात नुसते शिवशिवतात.

नवऱ्याला सांगितलं. रात्रपाळी करून पेपर वाचत पडला होता. मान वर न करता म्हणाला, "परकी बाई बाबांना अंघोळ घालणार? लोक काय म्हणतील?" बोलाव ना मग लोकांना, पाणी मी तापवून ठेवते! — हे त्याला म्हणाले नाही, इथे लिहिलं.

राग निघाला बाबांवर. कूस बदलताना जोरात ओढलं. अर्धं अंग लुळं, बोलणं जड, पण कळतं सगळं. दुखलं का विचारलं तर मानेनंच नाही म्हणाले. फार लाज वाटली.

८ मार्च

बसवत नाही, पडवत नाही. ओटा तीनदा पुसला. उद्या तो माणूस मला घरात बघणार, म्हणजे संपलंच. भरवताना बाबांनी माझं मनगट धरून ठेवलं. का ते कळलं नाही.

९ मार्च

दार उघडंच होतं. मी अंग पुसायचं पाणी घेऊन येते तोवर तपासणीवाला पलंगाशी पोचलेला, माझ्याकडे पाठ. नवरा आत घोरत होता.

"आजोबा, दिवसा घरात बाई असते का?"

बाबांनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग एकेक शब्द ओढत म्हणाले, "सून आहे. ती... कामावर गेलीये."

मी पाणी तिथेच ठेवलं. नवऱ्याला हलवून उठवलं आणि मागच्या दारानं निघाले. कारखाना येईपर्यंत हात वाळले होते.