फोनवरचा उठावणा

जळगाव, १० नोव्हेंबर २०२५

ती. अखिलकाकांना रूपलचा शि. सा. न. आणि जय जिनेंद्र.

काका, तुम्ही मोबाईल टाकून दिलात त्याला साडेचार वर्षं झाली. धुळ्यात बसून जळगावच्या पुतणीला पोस्टाच्या रांगेत उभं करता, आता काय बोलावं! पण बातमी कागदावर शोभेल अशीच आहे. तीस तारखेला, रविवारी, माझ्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन आहे. विषय, कोरोनानंतरचे आपण. चित्रं पॉप आर्टची, म्हणजे बाजारातल्याच वस्तू घ्यायच्या, मोठ्ठ्या करायच्या आणि भडक रंगवायच्या. तुमच्या दुकानातल्या साड्यांच्या खोक्यांवर असतात ना, तसले रंग. बोटाएवढा ऑक्सिमीटर माझ्याकडे दरवाजाएवढा झालाय आणि वाफेच्या मशीनला मी राणी रंग दिलाय.

सगळ्यात मोठं चित्र पप्पांचं. फोटो नाही, ते कोरोनात गेले तेव्हा पेपरात दिलेली ती चौकट. ‘सद्यःस्थितीमुळे उठावणा फोनवरच होईल. शनिवार, दुपारी चार ते पाच.’ खाली तुमचा नंबर, कारण मी आणि मम्मी तेव्हा दवाखान्यात पडून होतो. भोवती छत्तीस मोबाईल, पोपटी, केशरी, गुलाबी, सगळे गप्प. आणि खाली ओळ, ‘एकही फोन आला नाही.’

पप्पांनी तीस वर्षं दाणाबाजारात काढली. कोणाकडे माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी उठावण्याला सगळ्यात आधी घरच्यांजवळ जाऊन बसणारे पप्पाच. आणि त्यांच्या वेळी फोन लावायला एकाचंही बोट उठलं नाही! मम्मी तेव्हापासून त्या बाजारात पाऊल टाकत नाही, लग्नांना जात नाही, कोणी नमस्कार केला तर मान फिरवते. म्हणून पत्रिकेवर हेच चित्र छापलंय आणि ती मी दाणाबाजारातल्या प्रत्येक पेढीवर देणार आहे. येऊ देत, बघू देत. तुम्ही तर सर्वांत पुढे हवेत.

माझ्यावर माया आहेच, ती रंग बघून कमी करू नका.

तुमची,
रूपल

———

धुळे, १४ नोव्हेंबर

चि. रूपल हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रदर्शनाचं वाचून छाती फुगली, पण दुसऱ्या पानावर हात थांबला. ते मोठं चित्र लावू नकोस. पत्रिका वाटू नकोस. कारण विचारू नकोस, मोठा माणूस सांगतोय एवढं पुरे.

भावाचं जाणं गुलाबी-पोपटी रंगांत भिंतीवर टांगायचं? हा काय दिवाळीचा सेल आहे? माझा नंबर रंगवताना मला विचारलंस का? आणि त्या महिन्यात बाजारातले अर्धे लोक स्वतःच खाटेवर होते, त्यांच्याशी आता वैर काढून काय मिळणार आहे तुला?

भाभींना हे चित्र दाखवलं नसशील तर दाखवू नकोस. लगेच कळव. इथे गिऱ्हाईक निळी साडी मागतं आणि मी हिरवी काढून देतोय.

रागावलो तरी परका समजू नकोस.

तुझा,
अखिलकाका

———

जळगाव, १८ नोव्हेंबर

ती. काकांना शि. सा. न.

कारण विचारू नकोस म्हणता, म्हणजे कारण आहे. पण उशीर झाला. पत्रिका वाटून झाल्या आणि मम्मीने चित्र बघितलं. म्हणाली की मी येणार, या चित्राशेजारीच उभी राहणार आणि एकेकाला नावाने विचारणार. मोतीलाल मापाडींना तर सगळ्यांसमोर. पप्पांच्या दुकानातलं पोतं अन् पोतं त्यांनी मोजलं, आणि त्यांनीही फोन करू नये, हे तिला सगळ्यात जास्त लागलंय.

काका, त्या संध्याकाळी वॉर्डच्या खिडकीशी येऊन तुम्हीच सांगितलंत ना, कोणाचा फोन आला नाही म्हणून? मग आज त्यांची बाजू का घेताय?

उत्तराची वाट बघते. लोभ उत्तरात दिसू द्या.

रूपल

———

धुळे, २२ नोव्हेंबर

चि. रूपल, आशीर्वाद.

फोन आले होते. एवढं लिहायला तीन कागद फाडले. किती आले ते मला माहीत नाही, कारण मीच फोन बंद केला होता.

तो महिनाभर सारखा वाजायचा. बेड नाही, इंजेक्शन नाही, आणि मग गुरुवारी दवाखान्यातून, तुमचे भाऊ गेले. शनिवारी चारला पहिली रिंग झाली. वाटलं, उचलला की पुन्हा तेच ऐकावं लागणार. बटण दाबून धरलं. म्हटलं, पाच मिनिटांनी चालू करू. झालं नाही माझ्याच्याने.

संध्याकाळी भाभींनी खिडकीतून विचारलं, कोण कोण बोललं? फोन बंद केला होता हे तोंडातून निघेना. कोणी नाही, असं म्हणून गेलो. वाटलं, दोन दिवसांनी खरं सांगू. त्या दोन दिवसांची साडेचार वर्षं झाली. भाभी एकेक माणूस तोडत गेल्या आणि मी बघत बसलो. भेकड आहे मी, रूपल.

चित्र उतरव, नाहीतर भाभी निर्दोष माणसांचा चारचौघांत अपमान करतील. त्यांना सांगायचं का ते तू ठरव. माझ्यात हिंमत नाही.

माया ठेव म्हणायला आज तोंड नाही.

अखिल

———

जळगाव, २५ नोव्हेंबर

काकांना नमस्कार.

ते बटण मीही दाबलं असतं. पण त्यानंतर मम्मीला एकटी पडताना बघत राहिलात, ते मला समजत नाही. मी सांगणार नाही. रविवारी या आणि तुमच्या तोंडाने सांगा. दहाला दार उघडेल. चित्र भिंतीवर असेल, मम्मी शेजारी असेल आणि तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये.

लोभाचं रविवारनंतर बघू.

रूपल

———

जळगाव, २ डिसेंबर

अखिलभाऊजींना चेलनाचा जय जिनेंद्र.

तुम्ही आला नाहीत. रूपल दुपारपर्यंत दाराकडे बघत होती. मला कारण माहीत नव्हतं.

मोतीलाल मापाडी आले, सोबत त्यांच्या घरच्या मंदाबाई. मी त्यांना नमस्कारसुद्धा पुरा करू दिला नाही. सगळ्यांसमोर विचारलं, ज्यांच्या ओट्यावर तीस वर्षं चहा प्यालात त्यांच्यासाठी एक फोन जड झाला का. मोतीलालभाऊंनी चष्मा लावला, चित्रातला एकेक आकडा वाचला आणि म्हणाले, हाच शे, हाच नंबर तासभर लावत होतो, बंद सांगत होता. मंदाबाईंनी तर शेजारणीचा फोन मागून लावून बघितला होता. पुढे मी मान फिरवायला लागले तेव्हा त्यांना वाटलं, आम्हालाच कोणी नको आहे. मी खोटं म्हणणार, तेवढ्यात रूपलने पर्स उघडली.

तुमचं पत्र तिथेच उभ्याने वाचलं. एवढी लाज जन्मात वाटली नव्हती. मोतीलालभाऊंच्या पाया पडायला वाकले, त्यांनी पडू दिलं नाही. मग कोणीतरी सतरंजी पसरली आणि बाजारातली दहा-बारा माणसं एकेक करून बसली. त्या रंगीत मोबाईलखाली यांचा उठावणा झाला, भाऊजी. वजन करताना हे काट्याकडे मुद्दाम पाठ करून उभे राहायचे, मोतीलालभाऊंवर एवढा विश्वास, हे मला ठाऊकच नव्हतं. मी माणसांत बसून रडले. रूपलने चित्राखालची ओळ तिथल्या तिथे रंगाने बुजवली.

राग म्हणाल तर आहे, खूप आहे. बाजारातल्या लताबाईंनी मुलीच्या लग्नाला दोनदा घरी येऊन बोलावलं, मी दार लावून घेतलं. ते लग्न आता पुन्हा लागणार आहे का?

पण परवापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. फोन तुमचा, धावपळ तुमची, अग्नी द्यायला तुम्ही एकटे. सगळ्यांनी विचारायचं ते माझं आणि रूपलचं. भाऊ तुमचाही गेला होता. तुमच्याजवळ येऊन कोणी बसलं नाही. मीसुद्धा नाही.

येत्या रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघी धुळ्याला येतोय. मोतीलालभाऊ आणि मंदाबाईही येतो म्हणाले. दुकान बंद ठेवा. आधी मी भांडणार आहे, पोटभर. मग तुमच्याजवळ बसणार आहे.

तोवर कुठे निघून जाऊ नका, एवढा लोभ असावा.

तुमची भाभी,
चेलना